स्वखुशीची थंडी

(जालना येथे एका स्मृती व्याख्यानमालेत जानेवारी महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा आवरता घेतलेला मजकूर)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'हिमशिखरांचे आव्हान' असा छापला आहे. चूक माझीच. संयोजकांनी विषय विचारायला तीनदा फोन केला, मी तिन्ही वेळा 'उद्या सांगतो' म्हणालो आणि छापखाना काही उद्यासाठी थांबत नसतो. त्यांनी जो शब्द घातला तो कोणीही घातला असता. पण चाळीस वर्षे डोंगरात तंगडतोड केल्यावर एवढे खात्रीने सांगतो, की आजवर एकाही डोंगराने मला आव्हान दिलेले नाही. तो आपल्या जागी बसलेला असतो. आपणच उठून जातो, आपणच धापा टाकतो, आपणच घसरतो आणि घरी आल्यावर आपणच सांगतो की डोंगराने आव्हान दिले होते. तेव्हा आज मी बोलणार आहे ते थंडीबद्दल. त्यातही एका वेगळ्या थंडीबद्दल. तिला मी माझ्यापुरते 'स्वखुशीची थंडी' असे नाव दिले आहे.

समोर बरीच मंडळी शाली आणि मफलर घेऊन बसली आहेत. मागच्या रांगेत दोन कानटोप्याही दिसतात. म्हणजे विषयाची पूर्वतयारी श्रोत्यांनी केलेलीच आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला भूगोल शिकवत. वर्गात एकच नकाशा होता, तोही घड्यांवर फाटलेला. सर छडीचे टोक जालन्यावर ठेवत आणि विचारत, 'इथून सगळ्यात जवळचा डोंगर कोणता?' आम्ही भोकरदनकडची पोरे 'राजूरची टेकडी' म्हणायचो, अंबडची पोरे मत्स्योदरी देवीची टेकडी सांगायची, एखादा रोहिलागडाचे नाव घ्यायचा. सर हसायचे. यातली कोणतीही उंची एक विडी संपायच्या आत चढून होते. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर पसरलेला. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेची शेपटी, दक्षिणेला गोदावरी, मधे काळे रान आणि हल्ली पोलादाच्या भट्ट्या. एवरेस्ट कुठे आणि आपण कुठे! पण सरांचे पुढचे वाक्य ठरलेले असायचे. ते म्हणायचे, ज्याच्या दारात डोंगर आहे तो त्याच्याकडे बघतही नाही, त्याला त्यावरून लाकडे आणायची असतात. डोंगराचे वेड सपाटीवरच्या माणसाला लागते.

यावर कोणी पुरावा मागितला, तर सर घनसावंगीकडे बोट दाखवत. जांब समर्थ. 1608 साली तिथे जन्मलेला मुलगा बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकून निघून गेला, अशी कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे, पुढची बारा वर्षे देशभर पायपीट आणि मग उरलेले आयुष्य सह्याद्रीत. चाफळ, शिवथरघळ, सज्जनगड. गोदाकाठच्या सपाटीवरचा माणूस घळींमध्ये आणि गडांवर जाऊन राहिला. मी अध्यात्माचा माणूस नाही, त्यामुळे त्या बाजूचे काही बोलणार नाही. पण दोर बांधायच्या आधी आमच्याकडे जो शब्द ओरडतात, तो 'सावधान'च्या फार जवळचा आहे, एवढे नोंदवून ठेवतो. फरक इतकाच की आम्ही तो ऐकून पळून जात नाही. कधी कधी जायला हवे होते.

आता थंडीकडे येतो. माझी थंडीशी पहिली ओळख हिमालयात झालेली नाही. ती आमच्या रानात झाली. शेतीची लाईट तेव्हा रात्री यायची. कधी अकराला, कधी दोनला. गव्हाला पाणी द्यायचे असेल तर लाईट येईल तेव्हा उठून मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारे धरायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगावर घोंगडी, डोक्याला टॉवेल आणि पाय उघडे अशा थाटात निघायचे. चप्पल चिखलात रुतते, म्हणून अनवाणी. मी बॅटरी धरायला बरोबर. एका वाफ्याचे दार फोडायचे, दुसऱ्याचे बांधायचे, आणि हे सगळे गुडघाभर गार पाण्यात. बांधावर पऱ्हाट्या पेटवून ठेवलेल्या असायच्या, पण शेकायला सवड कुठे? इतक्यात तिसरा वाफा भरलेला असायचा. पहाटे चारच्या सुमाराला अण्णांना हातातले फावडे सोडता यायचे नाही. बोटे दांड्याभोवती तशीच आखडलेली. मी एकेक बोट सोडवायचो.

ही थंडी कोणी मागितलेली नव्हती. तिला कोणी हार घातला नाही, तिचा फोटो पेपरात आला नाही. आज इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात ती अजून आहे, कारण रात्रीची लाईट अजून सगळीकडून गेलेली नाही. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गाड्या निघतात, आणि कोप्यांमध्ये झोपलेली माणसे पहाटे तीनला उठून दव पडलेल्या उसात शिरतात. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी हिमशिखरांच्या गोष्टी सांगू लागलो की तुम्ही मला वेड्यात काढणार नाही. किंवा काढाल, पण कारण समजून काढाल.

1980 च्या दशकात मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम करायला गेलो. नेहरू पर्वतारोहण संस्था 1965 मध्ये स्थापन झालेली. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स. आधी टेखलाच्या कातळावर प्रस्तरारोहण, मग पाठीवर ओझे घेऊन वर हिमनदीकडे. पहिल्या रात्री तंबूत मी मनाशी म्हणालो, थंडी काय, आपण जन्मापासून पाहिलेली. मराठवाड्यातल्या माणसाचा हा गर्व दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पहाटे बर्फावर दोराच्या गाठी मारताना उजव्या हाताची दोन बोटे पांढरी पडली. दुखत नव्हती, म्हणून मला वाटले बरी आहेत. मी लहानपणापासून जे पाहिले होते तेच केले. बोटे एकमेकांवर खसखसा घासली आणि स्टोव्हच्या जाळावर धरली. प्रशिक्षकांनी माझा हात असा काही झटक्यात ओढला, की मी घाबरलोच.

त्या दिवशी मला थंडीचे शास्त्र कळले. शरीराला हृदय, मेंदू, फुप्फुसे जपायची असतात. थंडी वाढली की ते हातापायांच्या टोकांकडची रक्तवाहिन्यांची दारे बंद करते. आपण वाफ्याचे दार बांधतो ना, अगदी तसेच. मधल्या वाफ्याला पाणी पुरावे म्हणून कडेचा वाफा कोरडा ठेवायचा. कडेचा वाफा म्हणजे बोटे, नाक, कान. तिथल्या पेशींत पाण्याचे स्फटिक व्हायला लागले, की तो हिमदंश. अशा भागाला घासले तर ते स्फटिक आतून पेशी फाडतात. जाळावर धरले तर बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजून निघते. सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, हा उपाय. तोही पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच, कारण एकदा वितळून दुसऱ्यांदा गोठलेले बोट बहुधा कापावेच लागते. माझी बोटे वाचली. नखे मात्र काळी पडून गळाली, आणि घरी आल्यावर आईने विचारले, 'कुणाच्या दारात बोटं चेमटली?'

आणखी एक गोष्ट सांगतो, ती इथल्या पहाटेलाही लागू आहे. शरीराचे तापमान पस्तीस अंशांच्या खाली घसरू लागले की आधी हुडहुडी भरते. हुडहुडी हे चांगले लक्षण आहे. शरीर स्वतःला तापवायची धडपड करते. ती थांबली, माणूस शांत झाला, जीभ जड झाली, शर्टाची गुंडी लावता येईना आणि 'मला आता बरं वाटतंय' असे म्हणू लागला, की समजायचे, प्रकरण हाताबाहेर चालले आहे. डोंगरात आम्ही एकमेकांना सारखे बोलते ठेवतो, त्याचे कारण हे. गप्पांची हौस म्हणून कोणी पाच हजार मीटरवर बोलत नाही. तिथे बोलायलाही श्वास लागतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. एवरेस्टचा माथा 8848.86 मीटरवर, म्हणजे आपल्यापेक्षा आठ किलोमीटरहून अधिक वर. जानेवारीत तिथले सरासरी तापमान उणे पस्तीसच्या आसपास असते, त्यावर वारा. हिवाळ्यात आकाशातल्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा थेट त्या शिखरावर येऊन टेकतो आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे वाहतो. हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश. हिवाळ्यात हवेचा दाब आणखी कमी होतो, म्हणजे छातीच्या दृष्टीने डोंगर मे महिन्यापेक्षा जानेवारीत जास्त उंच असतो! हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी दिवसभर त्याचाच विचार करत होतो. आणि ज्यांना शास्त्रापेक्षा स्वयंपाक कळतो त्यांच्यासाठी: पाच हजार मीटरवर पाणी साधारण त्र्याऐंशी अंशांनाच उकळते. आपली तुरीची डाळ तिथे कुकरशिवाय शिजतच नाही. आम्ही एकदा कुकर न घेता गेलो. चार दिवस पाण्यात फिरणारे दाणे चावत होतो.

अशा ठिकाणी, तेही हिवाळ्यात, मुद्दाम कोण जाईल? याचे उत्तर शोधायला तुम्हाला माझ्याबरोबर पोलंडला यावे लागेल. घाबरू नका, पोलंड आपल्याला अगदी परका नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका-मुलेच जास्त, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत काही वर्षे राहिले होते.

या देशातले सर्वांत उंच टोक अडीच हजार मीटरपर्यंतही पोचत नाही. हिमालय तिथून हजारो किलोमीटर दूर. 1950 पासूनच्या पंधरा वर्षांत जगातली आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरे इतर देशांच्या लोकांनी चढून टाकली, तेव्हा पोलिश गिर्यारोहक युद्धानंतरच्या गरिबीत आणि बंद सीमांच्या आत अडकलेले होते. त्यांना सीमा ओलांडता येऊ लागल्या तोवर पहिलेपणाचे सगळे मान वाटून झाले होते. उरला होता तो हिवाळा. तो कोणालाच नको होता. आंद्रे झावादा नावाच्या नेत्याने तो उचलला. 1973 च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानातले 7492 मीटरचे नोशाक त्यांनी हिवाळ्यात चढले. आणि 17 फेब्रुवारी 1980 रोजी झावादांच्या तुकडीतले क्रिस्तोफ व्हिएलित्स्की आणि लेशेक चिही एवरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. परवान्याची मुदत वाढवून मिळाली होती, तिचा तो शेवटचा दिवस. पुढे चौदांपैकी दहा शिखरांच्या पहिल्या हिवाळी चढाईत पोलिश माणूस होता. व्हिएलित्स्कीने तर 31 डिसेंबर 1988 रोजी लोत्से हे शिखर दुखावलेल्या पाठीला पट्टा बांधून एकट्याने चढले. जग नव्या वर्षाच्या तयारीत होते आणि हा माणूस साडेआठ हजार मीटरवर!

मला त्यांच्या शिखरांपेक्षा त्यांच्या पैशाची गोष्ट जास्त आवडते. हे लोक कारखान्यांची धुराडी रंगवून मोहिमांचे पैसे उभे करत. शंभर-शंभर मीटर उंच धुराड्यांना पालख बांधायला वेळ आणि खर्च फार. गिर्यारोहक दोरावर लोंबकळून तेच काम झपाट्याने करत. येर्झी कुकुच्का हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा. तो कातोवित्सेचा, म्हणजे कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यातला. जालन्याच्या माणसाला हे शहर लगेच ओळखू येईल. त्याने 1979 ते 1987 या आठ वर्षांत चौदाही शिखरे चढली, त्यातली चार हिवाळ्यात. मी आपल्या एमआयडीसीतून जाताना भट्ट्यांवरची धुराडी बघतो, तेव्हा दर वेळी वाटते की एखादा कुकुच्का इथेच कुठे तरी सळया मोजत बसला असेल. 24 ऑक्टोबर 1989 रोजी लोत्सेच्या दक्षिण भिंतीवर तो कोसळला. वापरलेला बारीक दोर होता, तो तुटला. धुराडी रंगवून मिळवलेला पैसा दोरापाशी संपतो, हे आमच्याकडच्या गिर्यारोहकांनाही चांगले ठाऊक आहे.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातून एवरेस्टच्या माथ्यावर पोचलेला पहिला माणूस म्हणजे पुण्याचे सुरेंद्र चव्हाण, मे 1998. हृषीकेश यादव त्या मोहिमेचे नेते होते. त्यानंतर पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांना एकाच मोहिमेत माथ्यावर नेले आणि पुढे एकामागून एक अष्टहजारी शिखरे केली. साताऱ्याची प्रियांका मोहिते 2022 मध्ये पाच अष्टहजारी शिखरे चढणारी पहिली भारतीय महिला ठरली. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुले एवरेस्टवर पोचली. मे महिन्यात ज्या चंद्रपूरच्या उन्हाची बातमी येते, तिथली मुले. सरांना हे कळायला हवे होते.

पुण्या-साताऱ्याच्या मुलांना सह्याद्री हाताशी आहे. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कातळ कोरडा असतो आणि आमच्या प्रस्तरारोहणाचा तो खरा हंगाम. लिंगाणा, तैलबैला, नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. मराठवाड्याच्या पोराला यातले काहीही गाठायचे तर रात्रभर एसटीने जायचे, दिवसभर चढायचे आणि पुन्हा रात्रभर एसटीने यायचे. दोर आणि कॅराबिनरची पिशवी टपावर टाकताना कंडक्टरने 'यात काय, लोखंड का?' असे विचारले नाही असा एकही प्रवास मला आठवत नाही.

म्हणून मराठवाड्यातल्या दोन नावांबद्दल थोडे सविस्तर बोलतो. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे शेख रफीक. ग्रामीण पोलीस दलातले शिपाई. 2014 मध्ये एवरेस्टचा त्यांचा प्रयत्न अर्ध्यावर राहिला. त्या वर्षी 18 एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचे कडे कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले आणि हंगामच बंद पडला. 2015 मध्ये पुन्हा गेले, तर 25 एप्रिलला भूकंप. तिसऱ्यांदा, मे 2016 मध्ये, ते माथ्यावर पोचले. दुसऱ्या मनीषा वाघमारे. 2017 मध्ये त्या माथ्यापासून दोनशे मीटरच्याही आत पोचल्या होत्या, आणि हवा बिघडली म्हणून परत फिरल्या. 2018 च्या मे महिन्यात पुन्हा जाऊन शिखर केले.

सत्कारात सगळे 2018 चे बोलतात. मला विचाराल तर मनीषाताईंचे 2017 जास्त मोठे आहे. एवरेस्टच्या परवान्याची नेपाळ सरकारची फीच तेव्हा अकरा हजार डॉलर होती. 2025 मध्ये ती पंधरा हजार झाली. बाकीचा खर्च वेगळा, तो लाखांत जातो. हा पैसा मध्यमवर्गीय माणूस कसा उभा करतो हे मी जवळून पाहिले आहे. दारोदार फिरायचे, साहेबांच्या खोलीबाहेर दोन-दोन तास बसायचे, कर्ज काढायचे, आणि मग प्रत्येक दात्याचा झेंडा पिशवीत घेऊन वर जायचे. पिशवीत दहा झेंडे असताना दोनशे मीटरवरून मागे फिरणे म्हणजे काय, याची कल्पना करा. ज्यांना ते जमत नाही त्यांचे काय होते तेही आपण पाहिले आहे. 2016 मध्ये आपल्याच राज्यातल्या दोघांनी दुसऱ्याचे छायाचित्र बदलून एवरेस्ट चढल्याचे प्रमाणपत्र मिळवले आणि ते उघडकीला आल्यावर नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. लोक त्यांना फार हसले. मला हसू आले नाही. आपण शिखराला इतके हार घालतो की परत फिरलेल्या माणसासाठी एकही उरत नाही. मग कोणीतरी कात्री घेऊन बसणारच.

नंगा पर्बतची गोष्ट सांगतो. 26 फेब्रुवारी 2016, हिवाळ्यातली पहिली यशस्वी चढाई. तिघे माथ्यावर पोचले: इटलीचा सिमोने मोरो, स्पेनचा आलेक्स तिकोन आणि पाकिस्तानचा अली सदपारा. चौथी होती तमारा लुंगर, तीही इटलीची. साधारण सत्तर मीटर खाली असताना तिच्या लक्षात आले, की वर जाण्याइतकी ताकद आहे, खाली येण्याइतकी नाही. ती वळली. सत्तर मीटर म्हणजे, आपल्या राजूरच्या टेकडीवर जाणाऱ्या म्हातारीला विचारा, किती ते. इतिहासात तीन नावे लागली. चौथी घरी गेली.

आणि ज्यांना परत फिरणे परवडत नाही, त्यांचे काय? खुंबूत गेलेले ते सोळा जण स्वखुशीच्या थंडीत नव्हते. दुसऱ्याच्या हौसेसाठी दोर लावायचे, शिड्या बांधायच्या, सिलिंडर वाहायचे, हा त्यांचा हंगामी रोजगार. त्यांच्यात आणि आपल्या ऊसतोड्यांमध्ये मला तरी फार अंतर दिसत नाही. उचल घेतली की कोयता थांबवता येत नाही. म्हणूनच 16 जानेवारी 2021 ला हिवाळ्यातले के-टू पहिल्यांदा चढले गेले आणि चढणारे दहाच्या दहा नेपाळी होते, हे ऐकल्यावर मी घरात एकटाच टाळ्या वाजवत बसलो. माथ्याच्या थोडे खाली ते एकमेकांसाठी थांबले आणि सगळे मिळून वर गेले, कोणा एकाचे नाव पहिले लागू नये म्हणून. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिलेल्या लोकांनी एकदा स्वतःच्या मर्जीने थंडी सोसली.

मला नेहमी विचारतात, तुम्ही का जाता? तरुण होतो तेव्हा मी मोठमोठी उत्तरे द्यायचो. निसर्ग, साहस, देश. आता देत नाही. खरे कारण फार लहान आणि थोडे लाजिरवाणे आहे. रानातल्या त्या रात्रींमध्ये मी कधीच 'नाही' म्हणू शकलो नव्हतो. लाईट आली की उठायचे. डोंगरात मी ठरवून उठतो. पहाटे दोनला तंबूची चेन उघडताना, बुटात पाय घालताना, क्रॅम्पॉनचे पट्टे आवळताना सगळे अंग नको म्हणत असते, आणि तरी त्या क्षणी माझ्यावर कोणाचीही सक्ती नसते. हे सुख आहे असे म्हटले तर अण्णांचा अपमान होईल. पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही. यात धोका काही कमी नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला, मी जिथे शिकलो त्याच संस्थेची तुकडी 'द्रौपदी का दांडा' शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. शिकणारी आणि शिकवणारी मिळून एकोणतीस माणसे परत आली नाहीत. त्या रात्री मी जेवलो नाही. मी केव्हाही त्यांच्यातला एक असू शकलो असतो, आणि मला आजही तिथे जावेसे वाटते. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

शेवटी माझ्या एका मोहिमेबद्दल, आणि मग थांबतो. शिखराचे नाव सांगत नाही, कारण ते आमच्याकडून चढून झाले नाही. कुलूच्या बाजूचे, सहा हजार मीटरच्या आतले. आम्ही सहा जण. माथा दोनशे मीटर राहिला असताना वारा सुटला. आमच्यातल्या एकाची जीभ जड झाली. मी त्याला कोटाची गुंडी लावायला सांगितली, तर तो गुंडीकडे बघत राहिला आणि हसला. आमच्या म्होरक्याने घड्याळही पाहिले नाही, 'वळा' म्हणाला. मी भांडलो. म्हणालो, दोघे त्याला घेऊन खाली जा, तिघे वर जातो. तो म्हणाला, सहाच्या सहा. खाली येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि पुढे कितीतरी दिवस बोललो नाही. ज्याला आणले, तो आज आजोबा आहे.

दिवाळी झाली होती. घरी आलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. मी सगळे सांगितले: वारा, गुंडी, दोनशे मीटर, भांडण. ते मन लावून ऐकत होते. मला वाटले, आता म्हणतील, बरे झाले जीव वाचला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मधूनच माघारी यायला चालतं होय तिथं?'

'चालतं,' मी म्हणालो.

'कुणी काही म्हणत नाही?'

'नाही.'

ते नुसते 'हं' म्हणाले. तेवढ्यात समोरच्या खांबावरचा दिवा लागला. लाईट आली होती. अण्णांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि कोपऱ्यातले फावडे घेतले. मी बॅटरी घेतली आणि त्यांच्या मागे निघालो.